१२० फिल्म: पाचव्या फ्रेमच्या आकाशात ‘६’ उमटलाय, दोष कुणाचा?

रोलवाला
मागे फ्रेमचा आकडा दाखवणारी लाल खिडकी असलेला ६×६ (सेंमी फ्रेम) चा जुना कॅमेरा, ब्लॅक अँड व्हाइट रोल. धुऊन वाळत घातला तेव्हा काही दिसलं नाही. स्कॅन केल्यावर पाचव्या फ्रेमच्या आकाशात पुसट ‘६’, आणि त्याभोवती बारीक ठिपके ठिपके. झाडी असलेल्या फ्रेम स्वच्छ. एक मित्र म्हणतो खिडकीतून प्रकाश शिरला, दुसरा म्हणतो डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) शिळा. फिल्म कंपनीला लिहायचंय, पण दोष खरंच त्यांचा आहे का?

अंधारखोली
डेव्हलपर शिळा झाला तर निगेटिव्ह फिकी येते, तो आकडे कशाला काढेल! खिडकीतून प्रकाश शिरला असता तर निगेटिव्हवर खिडकीच्या जागी काळपट गोल आला असता, आणि त्यात आकडा असलाच तर ‘५’, कारण त्या वेळी खिडकीसमोर तोच असतो.

तुमच्याकडे ‘६’ आहे, हे महत्त्वाचं. १२० च्या फिल्ममागे आकडे छापलेला कागद (बॅकिंग पेपर) असतो. गुंडाळीत इमल्शनची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराची, बाजू आत असते आणि ती आतल्या वेढ्याच्या कागदाच्या छापील बाजूला चिकटून बसते. नव्या रोलमध्ये पहिल्या फ्रेम बाहेर, शेवटच्या आत. म्हणून पाचव्या फ्रेमला टेकतो तो पुढचा कागद. मधल्या फ्रेमपाशी एक वेढा साधारण एका फ्रेमएवढाच भरतो, म्हणजे ‘६’. फोटो काढून झाल्यावर गुंडाळी उलटी होते, तेव्हा तिथे ‘४’ आला असता. थोडक्यात, शाईचा ठसा रोल कॅमेऱ्यात जाण्याआधीच बसलाय. झाडीतही तो असेल, गर्दीत दिसत नाही इतकंच.

रोलवाला
मग कंपनीच!

अंधारखोली
थांबा, इतक्यात नाही. उष्णता आणि दमट हवा लागली की छपाईचा ठसा इमल्शनवर बसतो, आणि ती कारखान्यानंतर कुठेही लागू शकते: वाहतुकीत, दुकानात, घरी. फ्रिजमधून काढून पाकीट लगेच फोडलं तरी आत दव धरतं.

त्याच बॅचचा दुसरा रोल घ्या. सगळ्या फ्रेम एकाच सपाट भिंतीच्या, फोकस घालवून काढा. दुसऱ्या बॅचचा रोलही तसाच काढा आणि दोन्ही एकाच टाकीत धुवा. एकावरच आकडे आले तर कॅमेरा आणि केमिकल दोन्ही सुटले. मात्र दोन्ही रोल तुमच्याकडे सारखेच ठेवलेले हवेत, नाहीतर चाचणीला अर्थ नाही.

सिल्व्हरग्रेन
ते ठिपके हवेच्या बुडबुड्यांचे नसतील ना? टाकी आपटायची राहिली की होतात.

अंधारखोली
बुडबुड्याचा डाग गोल, काठ स्पष्ट, निगेटिव्हवर पारदर्शक आणि प्रिंटवर काळा. हे आकड्याभोवती पसरलेत, म्हणजे कागदाचेच.

आणि हो, बॅकिंग पेपर टाकू नका, डब्याची बॅच नंबरवाली बाजूही ठेवा. स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट ताणून काहीही दाखवता येतं हे कंपनीला माहीत असतं. पाठवायची ती निगेटिव्हची पट्टी.