मदत हवी आहे: कुकडी बोरीला गाळ साठवते आणि प्रवाहात पुढं निघोजला खडक कोरते, हे नववीच्या मुलांना कसं समजावू?

कुकडीकाठ

नमस्कार मंडळी. मी जुन्नर तालुक्यात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. शाळेपासून कुकडी नदी चालत जाण्याइतकी जवळ आहे. नववीला सध्या बाह्यप्रक्रिया चालू आहेत. विदारण, म्हणजे खडकाचं जागच्या जागी कुजणं, झालं, आता नदीचं खनन, वहन आणि संचयन चाललंय. नदी उगमाजवळ खणते, मधल्या टप्प्यात वाहून नेते आणि मुखाकडे साठवते, इथपर्यंत वर्ग नीट चालला होता.

तेवढ्यात बोरीहून येणारा एक मुलगा उठला. म्हणाला, "बाई, आमच्या गावाला नदीकाठी गाळाची उंच दरड आहे. म्हणजे तिथं नदीनं साठवलं. निघोज तर आमच्या कितीतरी खाली आहे, तिथं नदीनं काळा पाषाण कोरून रांजणखळगे केलेत. आधी साठवण आणि नंतर खोदाई, असं उलटं कसं?"

प्रश्न इतका चांगला आहे की तो "परीक्षेत येत नाही" म्हणून बाजूला सारायचा नाही, असं मी ठरवलंय. पोरांच्या पायाखालची नदी आहे, तिच्यावरच त्यांना हे कळलं पाहिजे. कुणी भूशास्त्र शिकलेलं असेल, किंवा या भागातलं माहीतगार असेल, तर मदत करा. दरडीतल्या मातीत पांढरे खडे सापडतात, ते कुठून आले हेही मुलं विचारतात. आपल्याकडे तर सगळा काळा दगड. शिवाय मुलांना निघोजला न्यायचं आहे, ते कधी न्यावं?

सह्यकातळ

ताई, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी भूशास्त्र शिकलोय आणि काम भूजलाचं करतो, त्यामुळे या खोऱ्यात बऱ्यापैकी फिरणं होतं.

नदी एखाद्या जागी खणणार की साठवणार, हे उगमापासून ती जागा किती लांब आहे यावर ठरत नाही. त्या जागी उतार किती, पाणी किती आणि पाण्याबरोबर येणारा गाळ किती, यावर ठरतं. पाण्याचा जोर गाळाला पुरून उरला तर नदी तळ खणते. गाळ जास्त झाला तर तो खाली बसतो. यातली एक गोष्ट बदलली तरी त्याच जागी नदीचं काम बदलतं. तीन टप्पे हे फार लांबून पाहिलेलं चित्र आहे. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णेचा त्रिभुज प्रदेश आंध्रच्या किनाऱ्यावर आहे. तेवढ्या लांबीवर ते चित्र बरोबर बसतं. बोरी ते निघोज एवढ्याच तुकड्यावर ते लावायला गेलं की अडतं.

आता बोरी. ती दरड आजची कुकडी रचत नाही. ते जुन्या काळाचं काम आहे. घोड, कुकडी, मुळा, प्रवरा या नद्यांच्या काठांवर असेच थर आहेत आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. शेवटच्या हिमयुगाचा कडाका होता तेव्हा, साधारण २० हजार वर्षांपूर्वी, आपला मोसमी पाऊस बराच कमजोर होता. डोंगरउतारांवर झाडोरा विरळ, माती सुटी. थोड्याशा पावसात माती नदीपर्यंत यायची, पण ती पुढं रेटायला नदीत पाणी नसायचं. पात्रं भरत गेली. मग सुमारे १० हजार वर्षांपूर्वी पाऊस वाढला, मोठे पूर येऊ लागले आणि नद्यांनी आपलाच गाळ चिरत तळ पुन्हा खाली नेला. बाजूला जो गाळ उरला तो आज काठावर उभा दिसतो. हे भरणं आणि चिरणं त्याआधीही होत आलंय. बोरीचे काही थर तर या काळाहून पुष्कळ जुने आहेत.

म्हणजे मुलाला सांगा, दरड हे जुन्या साठवणीचं काम आहे, आणि ती दरड म्हणून उभी दिसते हे नंतरच्या खोदाईचं. दोन्ही एकाच जागी, वेगवेगळ्या काळात.

निघोजला गोष्ट वेगळी. तिथं नदी घट्ट बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर आली आहे, पात्र अरुंद झालंय आणि उतार एकदम वाढलाय. रुंद पात्रात पसरून वाहणारं पुराचं पाणी तिथं दाटीनं घुसतं. वेग वाढतो, भोवरे पडतात. खडकातल्या भेगा जिथं एकमेकींना छेदतात तिथं आधी लहानसा खड्डा पडतो. त्यात गोटे आणि वाळू अडकते, आणि प्रत्येक पुरात भोवरा ती गरगर फिरवतो. मोठे गोटे ठोकतात, पण भिंती गुळगुळीत करायचं काम मुख्यतः वाळूचं. शेजारचे खळगे वाढत वाढत एकमेकांत उघडतात आणि त्यातून खोल घळ तयार होते.

विहीरकर

बाई, आमच्या घरी आजोबांपासून विहिरी खोदायचं काम आहे, म्हणून थोडं बोलतो. विदारण शिकवायला नदीवर जायची गरज नाही. गावात कुठं नवी विहीर चालू असेल तर मालकाला विचारून पोरांना लांबून काठ दाखवा.

वर काळी माती. तिच्याखाली मुरूम. मुरमात मधेमधे गोल धोंडे लागतात, आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. बाहेरचा पापुद्रा तांबूस-पिवळा, हातानं चुरला तर पीठ होतं. दोन-चार पापुद्रे काढले की आतला दगड काळा लागतो आणि त्याच्यावर हातोडा मारला की टणकन वाजतो. बाहेरचा पापुद्रा वाजत नाही, नुसता धप्प आवाज येतो. पोरांच्या हातात हातोडा द्या, डोळे मिटून आवाजावरून सांगतील कुठला दगड कुजलाय. त्याच्याही खाली कुठं मांजऱ्या नावाचा दगड लागतो, कुठं गेरूचा तांबडा पट्टा, आणि मग काळा पाषाण.

यात महत्त्वाचं हे की तो गोल धोंडा नदीनं गोल केलेला नाही. तो जागचा हललेलाच नाही. नदीतला गोटा आणि मुरमातला धोंडा शेजारी ठेवा. नदीच्या गोट्याला पापुद्रे नसतात, फोडला तर कडेपासून मधापर्यंत एकसारखा निघतो.

सह्यकातळ

विहीरकर दादा, फार मोलाचं लिहिलंत. ताई, हे वर्गात जरूर घ्या. विदारणात खडक जागच्या जागी कुजतो, खननात तो उचलला जातो. हा फरक पाठांतरापेक्षा त्या दोन दगडांत लवकर कळेल.

धोंडा गोल का होतो तेही सांगून टाका. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. भेगांनी खडकाचे चौकोनी ठोकळे झाले. पाणी भेगांतून शिरतं. सपाट बाजूवर ते एकाच अंगानं काम करतं, कडेवर दोन अंगांनी आणि कोपऱ्यावर तीन अंगांनी. म्हणून कोपरे आधी कुजतात आणि ठोकळ्याच्या आत गोळा उरतो.

पांढऱ्या खड्यांचं उत्तरही इथंच आहे. आपल्या बेसाल्टमध्ये फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही मुख्य खनिजं, आणि दोन्हींत कॅल्शियम असतं. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होतं. ते खनिजं फोडतं. मागं चिकणमाती उरते, तीच आपली काळी माती, आणि कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जातं. कोरड्या हवेत गाळातलं ते पाणी वर खेचलं जाऊन आटतं आणि चुना मागं राहतो. त्याचीच चुनखड होते. म्हणजे काळ्या दगडातूनच पांढरा खडा निघाला. खडा कुटून पूड करा आणि वर लिंबू पिळा. फसफसेल.

याचं मोठं रूप पाहायचं तर पारनेर तालुक्यातच वडगाव दर्याला जा. दर्याबाई-वेल्हाबाईचं ठाण आहे तिथं कपारीत चुन्याचे लोंबते खांब तयार झालेत. आजूबाजूला सगळा बेसाल्ट, चुनखडकाचा पत्ता नाही. झिरपणाऱ्या पाण्यानं वरच्या खडकातला चुना विरघळवून आणला आणि छताशी, थेंबाथेंबानं, सोडून दिला. संचयन म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढं फक्त वाळू आणि गाळ येतो. विरघळून आलेलंही साठतं, हे त्यांना इथं दिसेल.

भूगोलवाला

मी निवृत्त शिक्षक. सगळं उत्तम चाललंय, पण ताई, तीन टप्पे शिकवणं सोडू नका. परीक्षेत पोरांना त्याच चौकटीत उत्तर लिहायचंय. आधी चौकट पक्की करा, मग बोरीचं उदाहरण घेऊन ती कुठं अपुरी पडते ते दाखवा. क्रम उलटा केलात तर हुशार मुलं पुढं जातील, बाकीची गोंधळतील.

पारनेरकर

सहलीचं मी सांगतो, निघोजच्या कुंडापासून, म्हणजे त्या रांजणखळग्यांपासून जवळच राहतो. पावसाळ्यात आणू नका. आलात तर दिसणार काहीच नाही, सगळं पाण्याखाली, आणि जीवाला धोका वेगळा. दिवाळी झाल्यावर पाणी उतरतं, पण माझं मत विचाराल तर जानेवारी ते मार्च. चैत्रात मळगंगा देवीची यात्रा असते, तेव्हा गर्दीत पोरं सांभाळणं अवघड.

कोरड्या दिवसांतही एक काळजी घ्याच. वर येडगावपासून धरणं आहेत, आणि नदीत पाणी सोडलं की आभाळ निरभ्र असताना पात्रात पाणी वाढतं. पाटबंधारे कार्यालयात आवर्तनाची, म्हणजे पाणी सोडण्याची तारीख विचारून मगच दिवस ठरवा. खळग्यांच्या कडा पायांनी आणि पाण्यानं इतक्या गुळगुळीत झाल्यात की कोरड्या असल्या तरी चप्पल घसरते. आत पडलेल्याला वर चढायला धरायला काही नाही, खळगा आतून रांजणाच्या पोटासारखा रुंद असतो. पोरांना कडेपासून लांब, रांगेत उभं करा. झुलत्या पुलावरून पूर्ण घळ दिसते. पलीकडे टाकळी हाजीची बाजू, म्हणजे पुणे जिल्हा.

उथळ खळगा बघून त्यात वाकून बघायला सांगा. तळाशी गोटे असतात, अंड्यापासून नारळाएवढे, आणि त्यांच्याखाली काळी बारीक वाळू. भिंतीवरून तळहात फिरवला तर आडव्या लाटा लागतात, डोळ्याला त्या लवकर दिसत नाहीत. काही ठिकाणी दोन खळग्यांच्या मधल्या भिंतीला आरपार भोक पडलंय.

कुकडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भूगोलवाला सर, तुमचा क्रम पटला, तसंच करते. विहीर आमच्या गावात एक चालू आहे, मालकांशी बोलणं झालंय.

एक शंका राहिली. खळग्यात खननाबरोबर विदारणही चालू असतं का? वर्षातले बरेच महिने तो नुसता उघडा असतो.

सह्यकातळ

असतं. गोटे फिरतात ते मोठ्या पुराच्या मोजक्या दिवसांत. उरलेल्या काळात खडक उन्हात तापतो, रात्री निवतो, तळात साठलेलं पाणी हळूहळू आटतं, भेगांत शेवाळ धरतं. या सगळ्यानं वरचा पातळ थर कमजोर होतो आणि पुढच्या पुराला तो सोलून न्यायला सोपं जातं. पण निघोजला पारडं खननाकडं झुकलेलं आहे. भिंतीवर मुरूम दिसत नाही, ताजा काळा दगड दिसतो, तो त्यामुळेच. कुजलेलं टिकायच्या आत धुऊन जातं. उलट उगमाजवळ पूर नावाच्या गावी कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, त्याच्या कोरीव दगडांकडे बारकाईनं बघा. तिथं नदीचा हात लागत नाही, तरी उघड्यावरची नक्षी बोथट झालीय. ते निव्वळ विदारण.

आणि वाळूसाठी लोहचुंबक न्या. ती काळी वाळू चुंबकाला चिकटते. बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज आहे ते. बाकीची खनिजं कुजून माती झाली, हे जड आणि चिवट म्हणून टिकलं आणि जड असल्यामुळेच तळाशी राहिलं.

कुकडीकाठ

चुंबक शाळेत आहे. बोरीच्या दरडीत ज्वालामुखीची राख आहे असं गावात बोलतात. ती आपल्या सह्याद्रीचीच ना?

सह्यकातळ

नाही ताई. सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली, ही राख त्यामानानं कालची. अनेक अभ्यासक ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकातली मानतात. काहींनी केलेल्या कालमापनात तिचं वय यापेक्षा कितीतरी जास्त, लाखांत आलंय, आणि तो वाद महत्त्वाचा आहे, कारण बोरीला आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली आहेत. राखेचं वय ठरलं की हत्यारांच्या वयाचा अंदाज बांधता येतो. राख वाऱ्यानं आली, आसपासच्या जमिनीवर पडली, आणि पावसानं धुऊन ती कुकडीच्या खोलगट भागात जाड थरानं साठवली. वहन आणि संचयन दोन्ही, आधी वाऱ्याचं आणि मग पाण्याचं.

कुकडीकाठ

शाळेत सूक्ष्मदर्शक आहे. त्यात ती राख ओळखता येईल का?

सह्यकातळ

येईल. दरड खणू मात्र नका, ते अभ्यासाचं स्थळ आहे आणि माती अंगावर ढासळते. खाली आधीच पडलेल्या करड्या-पांढऱ्या भुशातली चिमूटभर पुरे. पेल्यात पाणी घालून ढवळा, गढूळ पाणी ओतून टाका, पाणी स्वच्छ होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. तळाशी उरलेलं वाळवून काचपट्टीवर पसरा. १०० पट मोठं करून पाहिलं की पारदर्शक, वाकडे, धारदार काचेचे तुकडे दिसतील, काही इंग्रजी वाय अक्षरासारखे. उद्रेकात लाव्ह्याला आलेले बुडबुडे फुटले, त्यांच्या भिंतींचे ते तुकडे. शेजारी नदीची साधी वाळू दुसऱ्या पट्टीवर ठेवा. तिच्या कणांच्या कडा झिजलेल्या असतील, काचेच्या कडा धारदार असतील. कोणती पट्टी कुठली ते मुलांनाच ओळखू द्या, आणि काय निघालं ते इथं लिहा.