कानाच्या पडद्याचे जुनाट छिद्र: प्राण्यांवरील प्रारूप (मॉडेल) कसे निवडावे?

प्रश्न:
कानाच्या पडद्यातील छिद्र बुजवणाऱ्या एका जैविक पटलाची चाचणी आम्हाला रॅटवर घ्यायची आहे. मात्र सुईने पाडलेले छिद्र साधारण दहा दिवसांत आपोआप बुजते, त्यामुळे श्रेय पटलाचे की निसर्गाचे हे ठरवता येत नाही. छिद्र टिकवावे कसे आणि त्याला जुनाट केव्हा म्हणावे?

प्रतिसाद १:
तापलेल्या तारेने कडा जाळणे, कडा आत दुमडणे, मायटोमायसिन-सी किंवा स्टेरॉइड लावणे, असे अनेक मार्ग वापरले गेले आहेत. यांपैकी औषधांवर माझा फारसा विश्वास नाही. ती पेशींचे विभाजन किंवा दाह दाबून धरतात, आणि त्यांचा प्रभाव ओसरल्यावर छिद्र पुन्हा बुजू लागले, तर आपण जुनाट छिद्र नव्हे, फक्त लांबलेली जखम तपासत होतो असे ठरते. माणसात बहुधा तीन महिन्यांची मर्यादा धरतात, पण रॅटला तीच लावण्याला जैविक आधार दिसत नाही.

प्रतिसाद २:
दिवस मोजण्यापेक्षा कडा पाहावी. त्वचेच्या जखमेत आधी तळ भरतो आणि मग त्यावर त्वचा चढते; पडद्यात क्रम उलटा असतो, म्हणजे बाहेरचा उपकला-स्तर (त्वचेसारखा पेशींचा थर) आधी पोकळी ओलांडतो आणि तंतुमय थर मागाहून येतो. जुनाट छिद्रात हाच बाह्य स्तर कडेवरून वळून आतल्या श्लेष्मल स्तराला (मध्यकर्णाकडच्या ओलसर अस्तराला) भिडतो, त्यामुळे उघडी जखमच उरत नाही. म्हणून उपचारापूर्वी काही कानांचे ऊतिपरीक्षण (पडद्याच्या कापांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) करून ही जुळणी झाली आहे का ते पाहावे, आणि उपचार न केलेला गट शेवटपर्यंत ठेवावा.

प्रश्नकर्ता:
आभार. रॅटऐवजी चिंचिला (एक कुरतडणारा प्राणी) घ्यावा का?

प्रतिसाद २:
पडदा मोठा असल्याने शस्त्रक्रियेला चिंचिला सोयीचा, पण तो महाग आणि मिळायला अवघड. रॅट चालेल, त्याच्या पडद्याचा शिथिल भाग माणसाच्या मानाने बराच मोठा असतो, म्हणून छिद्र ताणलेल्या भागातच पाडावे. रॅटला मध्यकर्णाचा संसर्ग आपोआपही होतो, तेव्हा आधी प्रत्येक कान तपासून घ्यावा.

प्रतिसाद ३:
निष्कर्ष लिहिताना एक मर्यादा नोंदवावी. या प्राण्यांचा मध्यकर्ण आणि कंठकर्णनलिका (मध्यकर्णाला घशाशी जोडणारी नळी) सहसा निरोगी असतात, तर कान वाहणाऱ्या रुग्णात दोन्ही बिघडलेले असू शकतात. पटलाने निरोगी कानातले छिद्र बुजवले, तरी अशा रुग्णाच्या कानात ते टिकेल असे त्यावरून म्हणता येत नाही.