बॅझाइट म्हणजे निळा बेरिलच का? आपल्या कोकणात मिळेल?

कुडाळकर: माझ्या चुलतभावाने इटलीहून ग्रॅनाइटचा तुकडा आणलाय, त्यात गडद निळी, सहा बाजूंची बारीक काडी आहे, भिंग लावल्याशिवाय नीट दिसत पण नाही. चिठ्ठीवर बॅझाइट लिहिलंय, पण मला तर ॲक्वामरीनच, म्हणजे निळा बेरिल, वाटतं. फरक काय, आणि आमच्या सिंधुदुर्गात शोधलं तर सापडेल का?

दगडवेडा_रत्नागिरी: नशीबवान आहात! रचना बेरिलचीच (बेरिल म्हणजे बेरिलियम-ॲल्युमिनियमचं सिलिकेट खनिज), फक्त ॲल्युमिनियमच्या जागी मुख्यतः स्कँडियम हा धातू, म्हणून वेगळं खनिज. 1915 मध्ये इटलीतल्या बावेनोच्या ग्रॅनाइटमधून आर्तिनी यांनी वर्णन केलं, इंजिनियर बाझी यांच्यावरून नाव पडलं. स्कँडियम सहसा एका जागी साठत नाही, इतर खनिजांत थोडं थोडं विखुरतं, म्हणून हे इतकं दुर्मिळ, आणि स्फटिक बहुतेक काही मिलिमीटरचेच. कठीणपणा मोह्सच्या दहाच्या मापावर साधारण साडेसहा-सात, बेरिलचा साडेसात-आठ, पण कृपा करून ओरखडून बघू नका हां, रामन टेस्ट करा (लेझरच्या प्रकाशाने खनिज ओळखतात, नमुना खराब होत नाही).

जांभा: आपल्याकडे वर जांभा नि खाली बेसाल्ट, त्यात हे नाहीच मिळायचं. याला ग्रॅनाइटमधल्या पोकळ्या, पेग्मटाइट (मोठ्या स्फटिकांचा ग्रॅनाइटसारखा खडक) नाहीतर आल्प्समधल्यासारख्या स्फटिक वाढतात अशा खडकातल्या भेगा लागतात.

कुडाळकर: पण आमच्या दक्षिण भागात जुने ग्रॅनाइट-नाइस (नाइस म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक) आहेत ना?

दगडवेडा_रत्नागिरी: आहेत, पण नुसतं ग्रॅनाइट असून भागत नाही हो, बेरिलियम आणि स्कँडियम दोन्ही एकाच पोकळीत जमायला हवेत. निळंच बघायचं तर पुण्याजवळ वाघोलीचं कॅव्हनसाइट हे खनिज बघा, ते बेसाल्टमधलं, व्हॅनेडियममुळे निळं, बेरिलशी नातं नाही पण रंग बघून मन भरतं. आणि ती चिठ्ठी जपून ठेवा, ठिकाणाशिवाय नमुन्याची अर्धी किंमत जाते.