माउंट हूड विल्डरनेस: आई-बाबांना एका दिवसात कुठे नेऊ?

बीव्हर्टनकर: ऑगस्टमध्ये साताऱ्याहून आई-बाबा इथे अमेरिकेत, ओरेगॉनला येतायत, माउंट हूड डोंगर दाखवायचाय. बाबा ६७, रोज अजिंक्यतारा चढतात. आईचा गुडघा कुरकुरतो. रमोना फॉल्स धबधब्यापर्यंतची वाट झेपेल का? आईला बूटही घ्यायचेत, ६० डॉलरच्या आत.

डोंगरवेडा: रमोनाच! जाऊन-येऊन ७ मैल, चढ किरकोळ. बूट १८० चे घे, माझे सहा वर्षं टिकलेत.

पोहेवाली: अहो, वाटेत सँडी नदी आहे! २०१४ च्या पुरात पूल वाहून गेला, आता आडव्या पडलेल्या ओंडक्यांवरून जायचं. आम्ही सकाळी गेलो तेव्हा पाणी पोटरीइतकं. साडेतीनला परतलो तर गुडघ्याच्या वर, राखेसारखं गढूळ, आणि तळाशी धोंडे गडगडत होते. बर्फाचं पाणी, ऊन तापलं की चढतं. माझी एक सँडल एव्हाना कोलंबिया नदीत असेल.

आकाशवाणी: मस्त जागा. ड्रोन न्या.

नियमवाला: चालत नाही. १९६४ पासूनचं विल्डरनेस आहे, म्हणजे कायद्याने राखलेलं रान, सायकलसुद्धा बंद.

आकाशवाणी: डोंगरावरच्या टिंबरलाइन लॉज हॉटेलपर्यंत गाड्या जातात त्या?

नियमवाला: लॉज हद्दीच्या बाहेर. आत १२ पेक्षा जास्त जणांचा गट नको. आम्ही १६ होतो, दोन गट पाडले. पुरणपोळ्या नेमक्या दुसऱ्या गटात गेल्या.

डोंगरवेडा: बूट वॉटरप्रूफच घे. २२० ला मिळतील.

मुकादम: लॉजवरून पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या पायवाटेने झिगझॅग कॅन्यन या दरीच्या काठापर्यंत जा. एका बाजूने सव्वादोन मैल, मोठी नदी नाही, फुलं भरपूर. येताना चढ आहे, आईंना वाटेल तिथून मागे फिरा. नाहीतर ट्रिलियम लेक, सपाट.

ठाण्याचा_वाघ: ज्वालामुखी आहे ना तो? फुटला तर?

मुकादम: शेवटचा मोठा उद्रेक १७९० च्या दशकातला. तुमचा रविवार निघेल.

पोहेवाली: नदी दुपारी चढते हं, परत सांगते.

बीव्हर्टनकर: सगळ्यांचे आभार. बाबांना नदीचा व्हिडिओ दाखवला, घाबरतील म्हणून. "कृष्णेत पोहलोय मी," म्हणाले. तेव्हा रमोनाच, पहाटे साडेपाचला निघून दुपारच्या आत नदीच्या अलीकडे. आई नदीपर्यंत येऊन डबा राखत बसणार. बूट तिने साताऱ्यातच घेतले, ७९९ रुपयांना.

डोंगरवेडा: पस्तावाल.