तीन डीजी (डिझेल जनरेटर), ग्रीड नाही, एक केबल तुटली आणि सगळा अंधार

मकरपुरा_पॅनेलवाला:
पॅनेलचं काम आमचं बडोद्यात, पण ही साईट कच्छकडे मिठागरात, ग्रीड नाहीच. २५० केव्हीएचे (म्हणजे २०० किलोवॅटचे) तीन डीजी, संध्याकाळी दोन चालतात, पंपांचा लोड २६० किलोवॅटच्या आसपास, तिसरा स्टँडबाय. दोन्ही आयसोक्रोनस (लोड कितीही असो, फ्रिक्वेन्सी तीच धरणारे), लोडची वाटणी दोन्ही कंट्रोलर जोडणाऱ्या कॅन (डेटा) केबलवर. परवा उंदराने केबल कुरतडली, एक सेट लोड खेचत गेला, दुसरा रिव्हर्स पॉवरवर (वीज द्यायच्या ऐवजी उलट घ्यायला लागला म्हणून) ट्रिप, मग पहिला ओव्हरलोडवर गेला, झालं. दोन्ही इंजिनं ठणठणीत, मग हे कसं काय? गव्हर्नर (इंजिनचा वेग धरणारा भाग) बदलू का?

रावपुरा_७१:
गव्हर्नरला हात लावू नको भाऊ. दोघंही ५० हर्ट्झ धरून बसतात, पण एकाचं ५० म्हणजे दुसऱ्याचं ५०.०२, बोलणं बंद झालं की एक डिझेल वाढवत जातो आणि दुसरा कमी करत करत मोटर बनतो. कंट्रोलरमध्ये कम्युनिकेशन गेलं की ड्रूपवर (लोड वाढेल तशी फ्रिक्वेन्सी थोडी उतरू देणं) जा असं सेटिंग शोध. ४ टक्के ड्रूप म्हणजे नो लोडला ५२, फुल लोड २०० किलोवॅटला ५०, वायर नसली तरी वाटणी आपोआप होते. तुझ्या १३०-१३० ला ५०.७ दिसेल, पंपांना काय फरक पडतो. एव्हीआरलाही (व्होल्टेज धरणारा रेग्युलेटर) ड्रूप दे हं, नाहीतर केव्हीएआरवरून (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर) भांडतील.

तारयंत्र:
बरोबर, पण हे अर्धंच औषध. उद्या एक इंजिन खरंच बंद पडलं तर २०० वाल्यावर २६० येणार, तिसरा चालू होऊन सिंक होईपर्यंत तो टिकणार नाही. फ्रिक्वेन्सी पडली की निम्मे पंप लगेच बंद होतील असं कर, मिठाला घाई नसते. आणि एव्हीआरची सेन्सिंग वायर बघ, ती सुटली तर त्याला वाटतं व्होल्टेज शून्य आणि तो एक्साइटेशन (जनरेटरच्या फील्डचा करंट) फुल देऊन व्होल्टेज चढवतो, मी असे जळलेले मोटरचे ड्राईव्ह बघितलेत.

मकरपुरा_पॅनेलवाला:
आज जाऊन आलो. नवीन केबलवर पॉवर बंद करून मोजलं तर ६० ऐवजी १२० ओहम, एका टोकाचा टर्मिनेटर (दोन्ही टोकांना लागणारा १२० ओहमचा रेझिस्टर) केबल लावणाऱ्या पठ्ठ्याने लावलाच नव्हता, म्हणजे उंदीर बिचारा उगाच बदनाम. ड्रूप टाकून केबल मुद्दाम उपटली, १३८ आणि १२२ वर स्थिर राहिले. पंप बंद करायचं वायरिंग रविवारी करतो.