मदत हवी आहे: अ‍ॅकिलिस टेंडनला लेसर थेरपी, डोस किती घ्यायचा?

धाकटा भाऊ आर्मीत आहे, वय २९, चवथीला सुट्टीवर फोंड्याला आलाय. उजवा अ‍ॅकिलिस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारा दोरीसारखा भाग) चार महिने दुखतोय, टाचेच्या हाडावर नाही, दोनेक इंच वर, सकाळची पहिली पावलं तर लंगडतच टाकतो. युनिटच्या एमओला (मेडिकल ऑफिसरला) दाखवलंय, सोनोग्राफीत टेंडन जाड झालाय पण फाटलेला नाही. बर्फ, गोळ्या, अल्ट्रासाउंड थेरपी झाली, जिन्याच्या पायरीवर टाच खाली सोडायचा व्यायाम ८ आठवडे केला (त्याने थोडा फरक आहे, तो चालूच ठेवणार). इंजेक्शन नकोय.

आता एका क्लिनिकने लेसरची १० सिटिंग सांगितलीयत. वेव्हलेंग्थ किती, पॉवर किती विचारलं तर म्हणे "मशीनमध्ये सेट असतं". अहो, वॅट गुणिले सेकंद म्हणजे ज्यूल, एवढा साधा हिशोब तरी सांगा! ८०८ आणि ९०४ नॅनोमीटर वेव्हलेंग्थला डोस वेगळा लागतो, शिवाय सावळ्या कातडीत प्रकाश वरच जास्त शोषला जातो आणि क्लास ४ (जास्त पॉवरच्या) लेसरने चटका बसू शकतो, आणि आमचा भाऊ तर उन्हात राहून चांगलाच रापलाय.

सुट्टीचे १८ दिवस उरलेत, परत गेल्यावर आर्मीच्या फिटनेस टेस्टची धाव आहेच.

कोणी टेंडनसाठी घेतलं असेल किंवा फिजिओ असाल तर सांगा, दर पॉइंटला किती ज्यूल, आठवड्यातून किती वेळा, व्यायामाच्या आधी की नंतर? आणि फोंडा-पणजी पट्ट्यात हे आकडे लिहून देणारं कोणी आहे का?