लाल छाती नाही म्हणजे मादीच?

लाल छातीचा माशीमार या छोट्या पक्ष्याबद्दल एका पोस्टमध्ये 'छाती लाल नाही, म्हणजे मादीच' असं म्हटलंय, ते पटलं नाही. लाल छातीच्या माशीमाराचा पहिल्या हिवाळ्यातला नरही मादीसारखाच तपकिरी दिसतो. त्याहून मोठा घोळ तैगा माशीमाराचा, म्हणजे अगदी तसाच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचा. तिथे गळ्यापेक्षा चोच बघा: खालच्या चोचीचं बूड फिकट पिवळसर असेल तर लाल छातीचा, पूर्ण काळी असेल तर बहुधा तैगा. शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूची पिसंही तपासा. तैगात ती शेपटीइतकी किंवा जास्तच काळी असतात. सावलीत फिकटपणा हमखास फसवतो, म्हणून चोचीचे बाजूने दोन-चार फोटो घ्याच. आणि डिसेंबरात गळा ठळक नारिंगी असेल तर तैगाची शक्यता कमी, कारण त्याच्या नराचा तो रंग हिवाळ्यात जातो.